गंजीत घुसलेली फटफटी

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं चुकावं, पण घरात चुकावं, चुलीपाशी. मी चुकले ते भोरच्या मैदानात, हलगी वाजत असताना, सगळ्या मुलखादेखत!

तर एक होतं भाटघर. भाटघरात एक धरण, धरणाच्या खालच्या अंगाला एक घर. घरात एक खमकी सासू, सासूला एक मिस्त्री लेक, आणि त्या लेकाला एक अतिशहाणी बायको. अतिशहाणी म्हणजे कोण, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

धरण बांधून झालं आणि यांचं तिथल्या यंत्रांवरचं मिस्त्रीकाम सुटलं. साहेब लोक आपापल्या गावी गेले. त्यातला एक जाताना आपली मोडकी फटफटी गोदामामागं टाकून गेला. दोन पावसाळे तिनं तिथंच काढले. चाकातून घाणेरी उगवली, बसायच्या जागेवर कोंबडी अंडी घालायला लागली. आमच्या यांनी ती ओढत घरी आणली.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "घरात दाणा न्हाई आन हे लोखंडाचं मढं कशाला?"

हे म्हणाले, "आये, मढं न्हाई. झोपलीय ती."

मग काय विचारता! चार महिने घरात दुसरा विषय नाही. घागर घासावी तशी चिंच आणि राख लावून मी ती फटफटी घासली. साखळी रॉकेलात बुडाली. जुन्या मोटेचं चामडं कापून यांनी गाडी थांबवायला चाक दाबून धरायचे ठोकळे मढवले. आणि एका सकाळी ती अंगणात फाडफाड करत जागी झाली, तेव्हा म्हशीनं दावं तोडलं आणि आत्याबाई उखळाच्या मागं जाऊन बसल्या!

भोरात एक शेठ होते, त्यांच्या प्रवासी मोटारी चालायच्या. त्यांना मिस्त्री पाहिजे होता. हे त्यांच्याकडं गेले, तर शेठ म्हणाले, "मैदानात फटफट्यांची शर्यत हाय. तुमी ती भंगारातली गाडी आणा. पाच चकरा मारा. नंबर आला न्हाई तरी चालंल, पण इंजन बंद पडता कामा नये. बंद पडलं, तर रामराम!"

म्हणजे बघा, आमची भाकरी त्या इंजनाला टांगलेली!

घरी येऊन हे म्हणाले, "एरंडेल पायजे. लई तापल्यावर इंजनाला तेच सोसतं."

आत्याबाईंनी बाटली काढून दिली आणि हळूच विचारलं, "का रं, पोट साफ हुईना व्हय तिचं?"

शर्यतीच्या दिवशी फटफटी बैलगाडीतून निघाली. धूळ लागायला नको म्हणून! ती बसली ऐटीत, आणि मी तिला धरून उभी. मैदानात उतरवून ढकलायला लागलो, तर चाक ओरडलं, "कुईऽऽ!"

आता तुम्हीच सांगा, ज्या घरची बैलगाडी कुईकुई करते, त्या घराला गाव काय म्हणतं? तिथला एक मिशीवाला बोललाच, "मिस्त्री, घरात तेल न्हाई व्हय?"

माझं तोंड एवढंसं झालं. हे शर्यतीत नाव नोंदवायला गेले, तशी मी खाली वाकून बघितलं. ते चामड्याचे ठोकळे चाकाला घासत होते. म्हटलं, बाई गं, एवढे हुशार म्हणवतात आणि वंगण घालायला विसरले! हातात एरंडेलाची बाटली होतीच. मागच्या ठोकळ्याला ओतलं, पुढच्याला ओतलं. चामडं कसं, पाऊस पिणाऱ्या जमिनीसारखं प्यायलं! चाक फिरवून बघितलं. चकार शब्द नाही.

हे आले. गाडी ढकलली आणि हसले. "आवाज गेला गं!"

मी मनात म्हटलं, गेला कसा? घालवला.

शर्यत सुटली. पाच फटफट्या आणि आमची सहावी. चिंचेपाशी अवघड वळण होतं. तिथं सगळे हळू झाले. आमचे हे? वाऱ्यासारखे! एक पाय जमिनीला घासत, धुरळा उडवत, दोघांना मागं टाकून गेले. लोक ओरडले. मी पदर खोचला.

दुसऱ्या चकरेला हे माझ्याजवळून जाताना काहीतरी ओरडले. मला वाटलं, आनंदानं. मी पण ओरडले, "पळवा! आनखी पळवा!"

तिसऱ्या चकरेला शब्द कळले. "थांबत न्हाईऽऽ!"

मी म्हटलं, "मग थांबू नका की!"

डोकं बघा माझं! इंजन बंद करावं तर काम जातं, चालू ठेवावं तर हाडं जातात. यांनी हाडं पणाला लावली. पाच चकरा झाल्या, बाकीचे थांबले, पण आमची गाडी मांडवाच्या कनातीतून आरपार गेली आणि पलीकडं कडब्याची गंज होती तिच्यात घुसली. माणूस दिसेना, गाडी दिसेना.

मी गंजीकडं धावले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत यांचं नाव घेऊन हाक मारली, "गणपतराव!"

गंजीतून आवाज आला, "फाट्... फाट्... फाट्..."

शेठ धावले. पेंढ्या बाजूला केल्या. आत हे, डोक्यावर कडबा, दोन्ही मुठी आवळलेल्या. गाडी आडवी, तरी इंजन चालू!

"शेठ, बंद पडू दिली न्हाई," हे एवढंच बोलले.

"अरं, पन थांबवली का न्हाई बाबा?"

यांनी ठोकळ्याला बोट लावलं. वास घेतला. माझ्याकडं बघितलं.

मी पुढं होऊन छातीठोक सांगितलं, "म्याच घातलं. कोरडं होतं!"

शेठनी आधी यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खालीच बसले हसत. उठल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासनं कामावर या. थांबता येत न्हाई अशी गाडी पाच चकरा संभाळनारा मानूस मला दुसरा कुठं गावायचा? आन वैनी, तुमाला आमच्या मोटारीत कायम फुकट."

मी लाजून पदर सावरला, तोवर पुढचं आलं.

"फकस्त मागल्या बाकावर बसायचं. दोनी हात ड्रायव्हरला दिसतील असे!"

देवाच्या दयेनं घराला बरकत आली. कणगी भरली, आत्याबाईंना जरीकाठी लुगडं आलं. वेल्ह्याला माहेरी जाताना निम्मी वाट पायी तुडवणारी मी मोटारीनं जायला लागले. बायका विचारायच्या, "मिस्त्रीणबाई, एवढ्या ताठ का बसता हो? मानाचं असतं का असं?"

मी म्हणायची, "व्हय." आणि दोन्ही पंजे मांडीवर उघडे ठेवून बसायची.