सोपानच्या जीपला गार हवा

"मिस्तरी, तुमचा इंटरकुलर काढून घ्या. आमाला नको."

सोपान जीपमधून उतरलासुद्धा नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बोलला. भांडायला आलेला माणूस डोळ्यांत बघून भांडतो. हा तसा नव्हता, म्हणून मी चपापलो.

"काय झालं रे?"

"पहिल्यापेक्षा वाईट झाली गाडी. चढावर धापा टाकून राहिली. काटा लालमधी जातो."

माझं गॅरेज औंढ्यात, हिंगोली रोडला. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शिमगा झालेला, शिवारात हळद शिजत होती. तो वास घेऊन दुपार अशी सुस्त पसरायची की हातातला पाना हातातच राहायचा. मी बसल्या जागी कुठल्या कुठं वाहून जायचो. बायको म्हणते, तुमचं निम्मं आयुष्य हवेत गेलं. मी म्हणतो, धंदाच हवेचा आहे, काय करू?

सांगतो. डिझेल जळायला हवा लागते. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. पण हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड कसं चटका देतं, तसं. तापलेली हवा विरळ होते, मग कितीही कोंबा, इंजिनाचं पोट भरत नाही. म्हणून मध्ये जाळीचा एक चपटा डबा बसवायचा, गाडीच्या नाकाशी. आतून तापलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो आणि ती निवते. हाच इंटरकुलर. टर्बोची बारीक शीळ ऐकताना मी डोळे मिटून त्या हवेच्या मागं मागं जातो. नळीतून आत, जाळीतून वळत वळत, हळूहळू गार होत. गिऱ्हाईक समजतं, मिस्तरीला डुलकी लागली.

सोपान मेंढरंवाल्यांच्या घरातला. त्यांची वस्ती डोंगराच्या खोलगटीत, दवाखान्याला यायचं तर उभा चढ चढूनच. मागच्या खेपेला श्रावणाच्या झडीत त्याच्या बायकोला, रुक्मीणला, कळा सुरू झाल्या. जीपमध्ये निम्मी वस्ती बसली. चढावर इंजिन उकळलं, जीप उभी राहिली. लेकरू तिथंच झालं आणि तिथंच गेलं.

आता रुक्मीणचे पुन्हा दिवस भरत आले होते. इंटरकुलर बसवायला आला तेव्हा सोपान एवढंच म्हणाला होता, "मिस्तरी, या टायमाला गाडी थांबली न्हाई पायजे."

नांदेडच्या भंगार बाजारात आम्हाला दोन इंटरकुलर दिसले. एक ट्रकचा, भलाथोरला.

"ह्योच घ्या," सोपान म्हणाला. "मोठा हाय."

"अरे, एवढा डबा हवेनं भरेपर्यंत तू पाय दाबशील अन् गाडी विचार करत बसंल. चढावर विचार करणारी गाडी काय चाटायची?"

मग लहान घेतला, कुठल्याशा कारचा. आत जुन्या तेलाचा चिकटा होता, रॉकेलनं धुऊन काढला. रेडिएटरच्या पुढं, वारा खेळेल एवढी फट ठेवून बसवला. नळ्यांचे क्लॅम्प आवळले, साबणाचा फेस लावून हवा गळते का पाहिलं. रेडिएटरही साफ केला. चढावर नेली तर जीप गुणगुणत वर गेली. आणि आता हा म्हणतो, काढा!

बोनेट उघडलं. सगळं जिथल्या तिथं. एक चक्कर मारली, जीप झकास.

"आता तर बराबर चालून राहिली," सोपान डोकं खाजवत म्हणाला. "घरून निघताना काहून दम सोडती?"

"चल तुझ्या घरी. निघतोस तसं निघून दाखव."

वस्तीवर चहा झाला. निघतो म्हटल्यावर सोपानची आई, चंद्रभागामावशी, काळी घोंगडी घेऊन आली. जीपच्या नाकावर पसरली, कडा आत खोचल्या, सुतळीनं घट्ट बांधली. मी आ वासून बघत राहिलो.

"हे काय रे?"

"मायचं हाय," सोपान पुटपुटला. "चढ सरला की सोडून ठेवतो, रोडला लोक हसतेत. ट्रकवाले थंडीत पोतं बांधतेतच की. म्हणलं, काय बिघडतं?"

"अरे शहाण्या, नाक दाबून पळवतोस की तिला!"

मावशी उसळली. "त्याला काहून बोलता? मला बोला! ह्योच म्हणला, डबा गार हवा करतो. बाळंतपणाची बाई न्यायची अन् म्होरं गार हवा? मागच्या टायमाला त्या वाऱ्यानंच लेकरू नेलं. माझ्या पदरातच गार पडलं ते."

माझा रागच विरून गेला. सोपानच्या मते लेकरू गाडीनं नेलं, हिच्या मते वाऱ्यानं. दोघं एकाच छपराखाली राहत होती आणि हे एकमेकांना कधी बोलली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मी घोंगडी सोडली. मावशीला पुढच्या सीटवर बसवून चढ चढून आलो. जीप कुठं थबकली नाही. मग बोनेट उघडून मावशीचा हात एका नळीवर ठेवला, मग दुसरीवर.

"ही ऊन हाय. ही गार," ती म्हणाली. "अन् ही गार हवा जाती कुठं?"

"सगळी इंजिनात. बसणाऱ्याला फुंकरसुद्धा लागत नाही. गारवा इंजिनाला द्या, मावशी, ऊब सुनेला."

तिला पटेना. ती नळ्या पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

रुक्मीण दारात उभी होती. इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "आत्याबाई, गारठा मी सोसंन. गाडी थांबलेली मला सोसायची न्हाई."

मावशीनं घोंगडी उचलली, झटकली आणि घडी घालून घरात नेली.

निघताना मी सोपानला दम भरला. "या वेळी निम्मी वस्ती नको. मावशी, रुक्मीण अन् तू. आणि माझ्या गॅरेजपाशी मुळीच थांबू नकोस."

चैत्रातल्या एका दुपारी मी ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. दुरून ती शीळ आली. आधी वाटलं, लागली डुलकी. मग बाहेर सरकलो. उघड्या नाकाची जीप हिंगोलीकडं सुसाट गेली. मागं मावशी त्या रखरखीत उन्हात सुनेला घोंगडीत गुंडाळून कवटाळून बसलेली. सोपाननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. "पोरगी झाली," म्हणाला. "लई मोठ्यानं रडती." मी परत ट्रॅक्टरखाली शिरलो, कारण मलाही रडू आलं होतं.

तेव्हापासून इंटरकुलर बसवला की मी ड्रायव्हरला फार समजावत नाही. त्याच्या आईला बोलावून घेतो.