कंपनीच्या शेवयांचा वानोळा

माझी मुलगी परदेशी कंपनीत आहे, असं बाबा लोकांना छाती फुगवून सांगायचे. प्रत्यक्षात मी बाजारात स्टो पेटवायची! ऐंशी साल उलटून गेलं होतं, नूडल्स नावाचा प्रकार आमच्या वर्धा जिल्ह्यात नुकताच येऊन पोचला होता, आणि तो चारचौघांत शिजवून दाखवायला कंपनीला बी.ए. झालेली, उन्हाला न भिणारी मुलगी हवी होती. मुलगी भांडकुदळ आहे का, हे मुलाखतीत कोणी विचारलं नाही, म्हणून मी लागले.

पहिलाच बाजार आष्टीचा. बायकांचा हा घोळका. मी पाणी उकळलं, नूडल्स टाकल्या आणि मसाल्याची पुडी फोडली, तशी एका मावशीनं नाकाला पदर लावला.

"काऊन वं पोरी, शेवयाईत मसाला टाकून राह्यली? मायनं काई शिकवलं नाई काय तुले?"

"मावशी, ह्या शेवया नाहीत."

"मंग काय हाय? आमाले डोळे नाईत काय?"

फुकटची पाकिटं मात्र एकीनंही सोडली नाहीत. पुढच्या बाजाराला गेले तर कळलं, घरोघरी दूध-साखर घालून शिजवल्या होत्या, आणि मसाल्याची पुडी वांग्याच्या भाजीत गेली होती. भाजीची लय तारीफ झाली. शेवया गिळगिळीत, असा निकाल लागला.

मी घरी येऊन हे आत्याला सांगितलं. आत्या हसून हसून बाजेवर आडवी झाली. हसणारच ना! आमच्या अख्ख्या नालवाडीला शेवया करून देणारी ती. ही बाबांची मोठी बहीण, बाबा तिला 'बाई' म्हणायचे. नवऱ्यानं भरल्या तारुण्यात टाकलं, तेव्हापासून आमच्याकडे. उन्हाळा लागला की अंगणात तिचं हाताचं मशीन मांडलं जायचं, मास्तरणी नि कारकुनांच्या बायका आपापला रवा घेऊन यायच्या, आणि आडव्या बांधलेल्या तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर, शेवया वाळत पडायच्या. पण उन्हाळा सरला की काम सरलं. बाकी वर्षभर ती आमच्या घरची, आणि तेच तिला सलायचं. बाबा तिला कधी उणा शब्द बोलले नाहीत, आईही नाही. तरी ती म्हणायचीच, "भावाचं घर ते भावाचं घर. मले माया चुलीवर, माया मनानं मीठ टाकायचं हाय." वेगळी खोली घ्यायची, एवढं एकच तिच्या मनात होतं. बाबांना हे ऐकवायचं नाही. "काय कमी पडलं तिले इथं?" म्हणून ते पेपरात तोंड घालायचे.

त्यात मुंबईचे साहेब आले, माझं काम तपासायला. मी आष्टीची हकिगत सांगून टाकली. आता ही बया कामाची नाही म्हणून काढतात की काय! पण साहेब हसले, मग म्हणाले, "लोकांना शेवयाच हव्या असतील तर आपण शेवयाच का विकू नयेत?" हे मोठं डोकं. मी मात्र विचार करत होते की यांना जेवायला कुठे घालू. वैशाखातल्या पाहुण्याला हॉटेलात कोण धाडतं? घरी आणलं. आत्यानं आमरस नि शेवया वाढल्या. साहेबांनी एकदा घेतल्या, पुन्हा घेतल्या, नि वाटी चाटायची तेवढी बाकी ठेवली.

मग मोकळेपणी बोलले. कंपनीचा विचार असा: शेवया तुपात भाजूनच पाकिटात भरायच्या, घरी नुसत्या उकळत्या दुधात सोडल्या की झालं. कारखाना घालायचा नाही, करून घ्यायच्या इथल्याच हातांकडून, नाव कंपनीचं. आधी थोडा माल करून दाखवायचा. तिकडे परदेशात मोठ्या लोकांना पसंत पडला तर काम बारा महिन्यांचं.

बारा महिने! साहेबांची जीप वळते न वळते तोच आत्या पायात चपला सरकवून निघाली, ती थेट गल्लीच्या टोकाची रिकामी खोली बघायला. घरमालकिणीला सांगून आली, "दुसऱ्या कोणाले देजो नको."

सगळ्या गल्लीदेखत कंपनीचा रवा आला, तुपाचे डबे आले. साहेबांनी मला बजावलं होतं की हे गुपित आहे, दुसरी एक कंपनी टपूनच बसली आहे. मी आत्याला समोर बसवून सांगितलं, "कोणाला एक अक्षर बोलायचं नाही."

"माया तोंडातून शब्द निंघाचा नाई," आत्या म्हणाली.

आणि खरंच नाही निघाला. तिनं फक्त वानोळा पाठवला.

शेतातली पहिली भाजी असो की घरचे पहिले पापड, नवीन काही झालं की त्यातलं मूठभर शेजारी पोचवल्याशिवाय आमच्याकडे डब्याचं झाकण लागत नाही. तो वानोळा. मी जाम गावच्या शाळेत नूडल्स शिजवून दाखवून, स्टो खांद्यावर घेऊन परत येत होते, तर फाटकातच शेजारच्या काकू म्हणाल्या, "लय मस्त झाल्या वं तुया कंपनीच्या शेवया!" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. घरात जाऊन विचारलं, कोणाकोणाला दिल्या? तर गुरुजींच्या घरी, पोस्टातल्या बाईंकडे, वैदूकाकांकडे, सगळ्या गल्लीत. आणि वाण्याकडेही. तो वाणी म्हणजे त्या टपून बसलेल्या कंपनीचा एजंट!

"आत्या! त्याला सुद्धा?"

"त्याच्या बायकोले डोहाळे लागले हायेत. तिले कशी वगळू?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि जे काही सुटले, ते आईनं मला दंडाला धरून आत नेईपर्यंत. गुपित म्हणजे काय, धंदा म्हणजे काय, सगळं ऐकवलं. नंतर बरेच दिवस आत्याचं जेवणात लक्ष नव्हतं. भाकरी मोडायची नि तशीच ठेवायची. "माया हातानंच घालवलं मी," एवढंच म्हणायची. तिला तसं पाहून माझा जीव तुटायचा, पण साहेबांसमोर काय सांगायचं, हे मलाही सुचत नव्हतं.

साहेब आले ते पावसाळा सरता सरता. खुर्चीवर टेकायच्या आधीच आत्यानं स्वतः सांगून टाकलं. दारापाशी उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन. साहेब, असा असा वानोळा धाडला, वाण्याकडेही धाडला, पोरीची काई चूक नाई, तिची नोकरी राहू द्या.

साहेब म्हणाले, "बाई, त्यानं काही झालेलं नाही. काम तसंही होणार नाहीये." तिकडे ठरलं होतं म्हणे, सगळ्या देशांत एकच पाकीट, एकच चव. एकेका मुलखासाठी वेगळा माल काढत बसायचं नाही. लोकांची सवय बदलायची, मुलांपासून सुरुवात करायची, आणि वाट बघायची. आपण खूप भांडलो, असं साहेब म्हणाले, आणि ते मला खरं वाटलं.

"म्हंजे वानोळ्यानं नाई गेलं?" आत्यानं विचारलं.

"नाही."

तिनं छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "तिकडच्या मालकानं खाल्ल्या काय शेवया?"

साहेबांनी खरं तेच सांगितलं. शेवया मुंबईपर्यंतच गेल्या होत्या, पुढे फक्त कागद गेले.

"खाल्ल्याबिगरच नाई म्हणते?" आत्याला राग नव्हता आला, नवल वाटलं होतं. राग मला आला, आणि खरं सांगू, अजूनही येतो. आत्यानं मात्र साहेबांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. ते गेले, आणि मग ती मागच्या अंगणात जाऊन रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "त्या खोलीवालीले आता कोणत्या तोंडानं नाई म्हणू?"

नाही म्हणायची वेळ आली नाही. पहिला आला तो वाणीच, वानोळ्याची वाटी परत घेऊन. रिकामी परत करू नये म्हणून त्या वाटीत त्याच्या बायकोनं मूगडाळ घातलेली. म्हणाला, "आत्याबाई, तिले दुसरं काई जातच नाई. त्या भाजलेल्या शेवया इकत देता काय? कंपनी-बिंपनी जाऊ द्या, माया दुकानात ठेवतो." मग पोस्टातल्या बाई आल्या. नोकरी करून भाजत कधी बसू, म्हणाल्या, नुसतं दुधात टाकायचं लय सोयीचं आहे. मग शाळेतल्या मास्तरणी आल्या. उन्हाळा नसताना आमच्या अंगणात मशीन फिरायला लागलं. पाऊस आला की तुराट्या ओसरीत. भाजून विकायची कल्पना कंपनीची, आणि कंपनीच ती विसरून गेली.

मी पुढेही पुष्कळ वर्षं स्टो पेटवत राहिले. तिकडचे लोक अगदीच वेडे नव्हते म्हणायचे, कारण आष्टीतल्या त्याच मावश्यांची नातवंडं पुढे मसाल्याच्या नूडल्ससाठी भोकाड पसरायला लागली. पण ते पुढचं.

त्या दसऱ्याला आत्या गल्लीच्या टोकाच्या खोलीत राहायला गेली. बाबा सामान उचलायलाही आले नाहीत, रुसून बसले होते. मग दिवाळी आली. इतकी वर्षं भाऊबीजेला आत्या बाबांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाटावर बसवून ओवाळायची, त्यांच्याच घरच्या तुपानं. त्या दिवशी बाबा पहाटेच अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, साडीची पिशवी हातात धरून फाटकाशी उभे. आई म्हणाली, जा ना आता. तर म्हणे, "बाईनं बोलावलं नाई अजून."

एवढ्यात टोकाच्या दारात आत्या आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भाऊ, ये! सैपाक झाला!"

बाबा निघाले. ती गल्ली केवढीशी! पण वाटेत गुरुजी दिसले, काकू दिसल्या, वाणी दिसला, आणि आत्याला जन्मभर ओळखणाऱ्या त्या प्रत्येकापाशी थांबून बाबा सांगत गेले, "बहिणीकडे चाललो. भाऊबीजेले बहिणीकडे चाललो."