बाथरूममध्ये सुकत घातलेली सायकल

नानांनी अंघोळ केली नाही, त्या शुक्रवारी माझं सगळं बदललं.

नाना काल गेले. संगमेश्वरजवळ, त्यांच्या गावी. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर आली ती सायकल.

सत्त्याऐंशी साल असेल. दोहा. नजमा भागातली एक खोली आणि तिच्यात कोंबलेले आम्ही बॅचलर लोक.

मी सेकंड इयर अर्धवट टाकून कतारला आलेलो. कारण कॉलेजातली मीनल. तिचे वडील इथे ऑइलमध्ये इंजिनियर, त्यांनी तिला इकडे आणलं. मग मीही साइटवर स्टोअर हेल्परची नोकरी धरली आणि मागोमाग आलो.

डोकं गरम, खिसा थंड.

एकदा भर उन्हात चालत तिच्या व्हिलावर गेलो. दार वडिलांनी उघडलं.

"चालत आलास?"

"हो काका."

"मग तसाच चालत जा."

मीनल मागे उभी होती. तिने ऐकलं. मला तेच जास्त लागलं.

ठरवलं. या दारात पुन्हा पायी यायचं नाही.

सायकल मिळाली ती एका कंपाउंडच्या कचऱ्याजवळ. कुणी गोरा देश सोडून गेला होता. माउंटन बाइक! आमच्यातल्या कुणी तोवर बघितलीच नव्हती. म्हशीसारखे जाड टायर, सरळसोट हँडल, गिअर. पण अंगभर गंज, आणि चेन जाम.

खांद्यावर टाकून खोलीवर आणली.

दिगू, आमचा बीडचा ड्रायव्हर, पोट धरून हसला. "डोंगरावरची सायकल? आरं, हितं डोंगर कुठाय?"

नाना शटरिंग कारपेंटर, खोलीतले सगळ्यात सीनियर. त्यांनी एकदा सायकलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कॉलेजसारखी हीपण अर्धीच टाकशील, मेल्या."

मी असा काही भडकलो की विचारू नका. तोंडाला येईल ते बोललो. नाना शांतपणे उठले, आपल्या पेटीतून पॉलिश पेपरचे उरलेले तुकडे काढले आणि माझ्यासमोर टाकले.

"बडबड खलास. घास आता."

घासलं. रोज ड्यूटीवरून आलो की घासायचं. चेन दुधाच्या पावडरच्या डब्यात रॉकेल घालून भिजत ठेवली. ब्रेकची वायर दिगूने कुठून पैदा केली, मी विचारलं नाही. रंग साइटच्या गेटचा उरलेला, निळा ऑइलपेंट.

स्प्रे गन कुठून आणणार? डास मारायचा पंप होता. त्यात थिनर घालून रंग भरला.

इतक्यात कळलं, मीनल शनिवारी कायमची पुण्याला चाललीये.

म्हणजे रंग शुक्रवारीच मारायला हवा. आणि नेमका शमाल सुटलेला, तिकडचा धुळीचा वारा. बाहेर ओला रंग म्हणजे धुळीला आमंत्रण.

अख्ख्या बिऱ्हाडात धूळ नसलेली एकच जागा होती. बाथरूम.

शुक्रवारी सगळे उठायच्या आत फरशी पाण्याने भिजवली, फ्रेम दोरीने पाइपला टांगली आणि पंप मारला.

आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना.

तो निळा! थेंब न ओघळता बसलेला. बल्बच्या उजेडात अशी चमकत होती, जणू आत्ताच जन्माला आलीये. मी, ज्याला आजवर धड काही जमलं नव्हतं, तो तिथे हात जोडून उभा होतो म्हटलं तरी चालेल.

बाहेर आरडाओरडा सुरू. आठवड्याची सुट्टी, सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ हवी. (संडास वेगळा होता, देवाची कृपा.)

नाना टॉवेल घेऊन आत डोकावले.

"हे तू केलंस?"

मग बाहेर येऊन जाहीर करून टाकलं, "आज इथं कोणी अंघोळ करायची नाय. पोरग्याची सायकल सुकतेय."

स्वतःची लुंगी ओली करून त्यांनी दाराखालच्या फटीत कोंबली. स्टूल घेतलं आणि दारासमोर बसले ते बसलेच.

दुपारी मटण शिजलं. सगळे जेवले. नाना स्टुलावर. मला वाटलं, पहारा देतायत. गंमत वाटली.

(मीनलशी माझं लग्न झालं नाही. कमेंटमध्ये विचारू नका.)

संध्याकाळी मी बोटाने रंग चाचपायला निघालो, तर दिगूने बाजूला ओढलं.

"येड्या, नानाच्या तोंडात सकाळपासून थेंब न्हाई."

"का? बरं नाही?"

"आंघोळीबिगर ते पाणीसुदिक पीत न्हाईत. आम्ही शेजारच्यांकडं जाऊन आलो. हे म्हणले, ज्याला त्याला टँकरचं पाणी मापात, दुसऱ्याच्या टाकीवर डोळा ठिवायचा न्हाई."

दोह्याचा उन्हाळा. दिवसभर. पाण्याशिवाय.

माझ्या एका हट्टासाठी. तेही मला न सांगता.

माझ्या बापानेही माझ्या कुठल्या वेडावर इतका विश्वास टाकला नव्हता.

मी सरळ जाऊन दार उघडलं.

"हात लावू नको! ओला हाय अजून!" नानांचे ओठ सुकून पांढरे पडलेले.

"असू दे."

"उद्या त्या पोरीम्होरं काय घेऊन जाशील?"

"हीच नेईन. तुम्ही आधी पाणी घ्या अंगावर."

दोन्ही हातांनी फ्रेम उचलली. तळवे रंगात रुतले. बाहेर पॅसेजमध्ये आणून ठेवली, तशी वाऱ्याने मूठभर वाळू तिच्यावर भिरकावली. बघत बसलो नाही.

परत आत आलो. बादली भरली. नाना दारात उभे, शिव्या घालत. "अर्धवट! शेवटी अर्धवटच!"

त्यांना खांद्यांना धरून आत ढकललं. पांढऱ्या बनियनवर माझे दोन निळे पंजे उमटले. त्यांनी ते बघितले आणि एकदम हसायला लागले. सुकलेल्या घशाने.

तांब्या त्यांच्या हातात दिला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

नाना, शेवटचा नमस्कार. सुखाने जा.