साक्षीचा रविवार

आमच्या मंडळीत घरात मयत झाली, की वर्षानं त्या घरातल्या कुणीतरी उठून साक्ष द्यायची. म्हणजे या दुःखातून देवानं काय शिकवलं, ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं. आमचा एकुलता एक मुलगा डेंग्यूनं गेला, त्याला वर्ष होत आलं होतं आणि नंबर माझ्या बायकोचा होता. मी उठलो की उपदेशच झाडतो, हे मंडळीला ठाऊक आहे, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही.

तिनं सांगून टाकलं, "काहीतरी शिकले म्हणून खोटं बोलायचं असंल, तर मी परत चर्चला यायची नाय." आमच्या बाईसाहेबांचं सगळं एक घाव दोन तुकडे. मला धास्तीच बसली. चर्च सुटलं असतं तर तिला माणसंच उरली नसती. घरात फक्त मी, आणि माझी सोबत काय लायकीची ते मला माहीत आहे.

चर्चचे पाळकसाहेब मुकुंदवाडीहून स्कूटरवर आले. चहा पिता पिता म्हणाले, "ताई, हसण्यानं माणूस शहाणा होत नाही. दुःखानं होतो." औरंगपुऱ्यात ती ज्या समुपदेशक बाईंकडे जायची, त्यांचं बरोबर उलटं. दुःख म्हणजे शाळा नव्हे, त्या म्हणाल्या; त्यातून काही हाती लागलंच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नका. मला दोघांचं पटायचं, म्हणजे कुणाचंच धड पटत नव्हतं. शहाणपण येत असेलही, पण पोरगं देऊन घ्यावं इतकं ते मोलाचं आहे का? आणि काहीच येत नसेल, तर एवढं रडून करायचं काय? हे मी बोलून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही गप बसा. लई डोकं चालवू नका."

साक्षीच्या रविवारी ती आपणहून उठली.

"मी काय शिकले नाय," ती म्हणाली. "देवावर राग हाय, अजून हाय. त्याच्याशी भांडायलाच इथं येते. मला माझं लेकरू पाहिजे." आणि खाली बसली.

बायकांच्या बाकांवर एक म्हातारी असते. तिचे दोन मुलगे गेले, आणि देवानं तिला काय काय शिकवलं ते आम्ही दोनदा, अगदी डोळे पुसत ऐकलेलं आहे. ती काठी टेकत उभी राहिली.

"आमेन," ती म्हणाली. "माझंबी हेच होतं, बाई."