दूध आणायचे नऊ नियम

फेमी कोपऱ्यावर दूध आणायला निघाला, तरी गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र घालायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जाकिटाच्या वरून, फोटो बाहेर. मी कारण विचारलं तर म्हणाला, "अगं बाई, कार्ड दिसलं की लोक आधी हॉस्पिटल बघतात, मग मला. तेवढ्यात मी रस्ता ओलांडतो." हे 'अगं बाई' त्याने माझ्या आईच्या फोनवरून उचललं होतं.

ब्युमॉन्टच्या एका भाड्याच्या घरात आम्ही शेजारच्या खोल्यांत राहायचो. मी शिकत होते, तो नर्स होता. आईवडील नायजेरियाचे, जन्म ट्रली या आयरिश गावातला. "मूळचा कुठला?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "ट्रली." "नाही, खरा कुठला?" "खरं सांगायचं तर, बसस्टँडच्या मागचा."

स्वयंपाकघरातल्या कपाटावर त्याने एक कागद चिकटवला होता. 'काळ्या माणसाने दूध कसे आणावे. एक : टोपी घालू नये. दोन : बस सुटली तरी पळू नये. तीन : दुकानात हात खिशात घालू नयेत; बाहेरही ठेवू नयेत. चार : पोरांचा घोळका दिसल्यास फोनवर आईशी बोलावे, आईने उचलला नाही तरी बोलावे.' असं करत शेवटी, 'नऊ : शक्यतो चहा कोराच प्यावा.'

मी पत्रकांवर वाढलेली. बाबा इचलकरंजीत कामगारांची पत्रकं काढायचे. अन्याय छापला की तो निम्मा हरतो, ही आमच्या घरची श्रद्धा. मी ते नियम छापून विद्यापीठात वाटले. लोक पोट धरून हसले. फेमीही हसला. लढा दिल्यासारखी मी ताठ चालत घरी आले.

त्याच हिवाळ्यात त्याच्या वॉर्डातल्या एका सहकाऱ्याला बसथांब्यावर मारहाण झाली. नंतर एका सकाळी मी बाहेर पडले, तेव्हा फेमी दाराशी उभा होता. बूट, जाकीट, कार्ड, सगळं चढवलेलं. तासाभराने परतले, तरी तिथेच. कपाळावर घाम. फ्रीजमध्ये दूध नव्हतं. किती दिवस नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तो विनोद नव्हता गं," तो म्हणाला. "यादी होती. माझी."

दाराशी टॅक्सी बोलावून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्याने सवयीने तीन विनोद केले. डॉक्टरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "तू तर एकदम ग्रँड आहेस, ठणठणीत!" फेमी आभार मानून उठलासुद्धा.

मी पिशवीतून तेच पत्रक काढलं आणि औषधांची यादी वाचावी तसं, सपाट आवाजात वाचू लागले. प्रत्येक नियमानंतर फेमीला विचारलं, "हे करतोस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

चौथ्या नियमाला डॉक्टरांचं हसू मावळलं. पाचव्याला त्यांनी पेन उचललं.

आता तो ट्रलीला आईकडे असतो. उपचार चालू आहेत. काल सकाळी त्याचा मेसेज आला : "दूध आणायला निघालोय. कार्ड आहे. पण टोपीही घातलीय."

घरी पोचल्याचा दुसरा मेसेज येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही.