मुखरू गुरुजींचे वाचवलेले बटाटे

पोंभुर्ण्यातले मुखरू गुरुजी सकाळी मोटारसायकलला लाथ मारतात तेव्हा अख्ख्या आळीला कळतं, की शाळा निघाली. शाळा पार जंगलात, पोरं वीस-बावीस. पण यंदा गुरुजींचा जीव पोरांपेक्षा शाळेमागच्या बटाट्यांत जास्त. तालुक्याच्या शाळा-परसबाग स्पर्धेत पहिला नंबर आपलाच, असं त्यांनी दिवाळीलाच पानठेल्यावर जाहीर करून वर सगळ्यांना चहाही पाजला. गुरुजींनी चहा पाजला ही बातमी नंबरापेक्षा मोठी होती.

बटाट्याचे तुकडे पोरांनी लावले, पाणी पोरांनी घातलं, माती पोरांनी चढवली. गुरुजींनी फोटो काढले. रोज एक. ग्रुपवरच्या लोकांना ती पानं सोयऱ्यांपेक्षा ओळखीची झाली.

एकदा कुंपण मोडलेलं दिसलं. रानडुकराचंच काम. गुरुजींनी प्रार्थनेनंतर हुकूम सोडला, "काही करा, पण डुकराच्या तोंडी एकही बटाटा जाता कामा नये!"

पोरं ऐकणारी. त्यात चौथीतली सोमारी आजीसोबत रानात कंद खोदून तयार झालेली. रानातली रीत अशी, की वेल उपटायचा नाही. बाजूनं माती उकरून कंद काढायचा, थोडा खाली राहू द्यायचा नि माती परत लोटायची.

जानेवारीत तालुक्याचे साहेब स्पर्धेच्या तपासणीला आले. बाग हिरवीगार! गुरुजींनी छाती फुगवून पहिलं झाड उपटलं. नुसती मुळं. दुसऱ्यालाही मुळं. तिसऱ्याला गांडूळ निघालं.

"गुरुजी, बटाटे?" साहेबांनी विचारलं.

"डुक्कर, साहेब! डुकरानंच..."

"डुक्कर कुठलं?" सोमारी पुढे आली. "त्याच्या आंधी आमीच काढले नं. तुमीच तं सांगलं, त्याले खाऊ देऊ नका मनून."

"मंग हायेत कुठी?" गुरुजींची शाळेतली भाषा गळून पडली.

स्वयंपाकवाल्या नीलाबाई पळी घेऊनच दारात आल्या. "कुठी मंजे? धा दिवस झाले, रस्सा करून राह्यली मी. दोन-दोन वाट्या तं तुमालेच लागते!"

गुरुजींच्या डोळ्यांपुढे पानठेला उभा राहिला, नि तिथले हसणारे सगळे दात. साहेबांचीही अडचणच; पहिला नंबर कुणाला तरी द्यायचाच होता. त्यांच्याकडच्या बाकी शाळांत परसबाग म्हणजे एक पाटी नि एक तुळस.

तेवढ्यात सोमारीनं कोपऱ्यातल्या झाडाखाली हात घातला. राहू दिलेले निघाले. पाच, बोराएवढे. साहेबांनी स्वतःच फोन काढला नि इतके खाली वाकले, की बटाट्याला त्यांचा श्वास लागला असेल.

फोटो होताच सोमारीनं पाचही परत मातीत लोटले. "लहान हायेत अजून," म्हणाली.

नंबर पहिला आला. फोटोत बटाटे नारळाएवढे दिसतात. गुरुजी तो पानठेल्यावर येईल त्याला दाखवतात. चहा मात्र बघणाऱ्यानं पाजायचा.