यादवराव मास्तरांची घडी

यादवराव मास्तरांना साठ वर्षं पुरी होत आहेत, गौरवग्रंथ निघतो आहे, तर त्यांच्या घड्यांविषयी तुम्हीच लिहा, असं मंडळी सांगायला आली तेव्हा मी खरं तर हात जोडले होते. दिवसभर वर्गात बोलून घसा बसतो, संध्याकाळी पाठ धरते, आणि मास्तरांच्या घड्यांचं नाव काढलं की ती जरा जास्तच धरते. परभणीला आल्यापासून त्या घड्यांपायी मी जितका दमलो, तितका नोकरीपायी दमलेलो नाही. पण दुसऱ्या कोणी लिहिलं तर नुसतं गोडगोड लिहील, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा म्हटलं, चला, बसावं लिहायला.

आमची पहिली ओळख माझ्या अज्ञानातून झाली. निजामी संपून शाळा नुकत्याच मराठी झाल्या होत्या आणि मराठी शिकवायला माणसं हवी होती, म्हणून मी नगरकडून इकडे आलो. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, सावळे गृहस्थ अगदी सुतकी चेहरा करून बसले होते. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काय सांगावं, काल घडी मोडली."

आमच्याकडे घडी मोडणं म्हणजे नवं वस्त्र पहिल्यांदा अंगावर घालणं. मी म्हणालो, "वा! अभिनंदन. कापड कुठलं?"

"कापड?" ते माझ्याकडे बघत राहिले. "विलायती होती हो."

"विलायती? अहो, स्वराज्य आलं! आता तरी खादी घाला!"

सगळी खोली हसून लोळली. इथे घड्याळाला घडी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि आतलं काटा तुटलेलं स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. मी ओशाळलो, आणि त्यांच्या दुःखात एवढ्या जवळून सामील झाल्यामुळे असेल, त्या दिवसापासून त्यांचा झालो.

यादवराव मास्तर गणित शिकवतात. शिकले ते उर्दूत, आणि पुढची वीस वर्षं शिकवलंही उर्दूत. एका वर्षात सगळं मराठीत करा असा हुकूम आला तेव्हा मास्तर पन्नाशीला टेकले होते. रोज संध्याकाळी ते माझ्या खोलीवर येत आणि खाली मान घालून विचारत, "मुसल्लसला काय म्हनावं? जाविया म्हनलं की पोरं हसायलीत." मी त्रिकोण सांगे, कोन सांगे. कधी थकून चिडलोच तर म्हणत, "तुमी चिडू नका. आमाला पन कंटाळा आलाय, पर पोरांचं नुसकान नको." त्याच वर्षी मला विषमज्वर झाला. मास्तर सकाळ-संध्याकाळ उशाशी बसत, एका हातात माझं मनगट आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, आणि नाडीचे ठोके डॉक्टरांना जाऊन सांगत. डॉक्टर म्हणाले, माझ्या हाताखाली एवढा नेमका माणूस नाही. हे मला बरं झाल्यावर कळलं, कारण मास्तर स्वतः कधी बोलले नाहीत.

आता घड्यांकडे येतो. मास्तरांचा हा निव्वळ शौक. घरात भिंतीवर एक लंबकाचं मोठं घड्याळ आहे, ते बिनचूक ठेवायचं आणि त्याच्याशी बाकीची मिळवायची. नवं घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही. सुट्टी लागली की हैद्राबादची गुजरी, म्हणजे जुन्या मालाचा बाजार. सोबत अर्थात मी. रात्रभर गाडीत ताटकळायचं, आणि मग भर उन्हात मास्तर एकेक घडी कानाशी लावणार. उताणी धरून ऐकणार, पालथी धरून ऐकणार, उभी धरून ऐकणार. टिकटिक तिन्ही वेळा सारखी हवी. मग दाबून चालू करायची, थांबवायची, परत दाबायची. काटा बरोबर शून्यावर आला नाही की घडी खाली. शेवटी पाठ उघडायला लावून स्क्रूच्या खाचा बघायच्या. खाचा कुरतडलेल्या असल्या की मास्तर म्हणत, "हिला कुना आडमुठ्याचा हात लागलाय." एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "क्या मास्टरसाब, घडी लेरें की लडकी देखरें?" मास्तर शांतपणे म्हणाले, "लडकी तर एकदा बघून चुकलो, आता घडी तरी नीट बघू द्या." हे मी वहिनींना सांगितलेलं नाही, आता ग्रंथातच वाचतील.

हैद्राबाद आता परराज्यात गेलं. मास्तरांना ते फार लागलं. मला, खरं सांगायचं तर, जरा हायसंच वाटलं.

या शौकाचा उपयोग कुठे, असं कोणी विचारील. तो पटात. चुडाव्याजवळच्या एका गावी सुगीनंतर बैलांचा शंकरपट भरतो. एकेक जोडी धावते, तिचा वेळ घडीवर धरतात, सगळ्यांत कमी वेळ लागेल ती पहिली. तिथे घडी धरायचा मान मास्तरांचा. मास्तरांनी वेळ सांगितला की पुढे कोणी बोलायचं नाही, अशी रीत पडून गेली होती.

एका साली घड्याळाचं तेल संपलं आणि कुठेच मिळेना. पट तर तोंडावर आलेला. मास्तरांनी घरचं करडीचं तेल मलमलीतून पुन्हा पुन्हा गाळलं आणि सुईच्या टोकानं स्टॉपवॉचला घातलं. आपल्या भागात करडीच्या तेलावर माणसाचा विश्वासच तसा असतो. जिलबीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच. पट पार पडला. सकाळी गावच्या पाटलांची जोडी धावली, दुपारी रखमाजी धनगराची. फरक टिचभर, सेकंदाच्या आत. पाटील पहिले आले आणि मानाची झूल त्यांच्या घरी गेली. रखमाजीनं वर्षभर मेंढरांमागं हिंडून ती जोडी पोसली होती. तो मुकाट्यानं बैल घेऊन गेला.

दोन दिवसांनी मास्तर माझ्याकडे आले ते चेहरा उतरवूनच. "घात झाला. थंडीत तेल घट्ट व्हायलंय. सकाळी घडी मंद चालायलीय, ऊन लागलं की ठीक. घरच्या घड्याळाशी मिळवून पाह्यलं."

मंद घडी वेळ कमी दाखवते. म्हणजे सकाळच्या जोडीला फुकटचा फायदा मिळाला होता. मी म्हणालो, "मास्तर, कोणाला कळलंय? गप्प बसा. तुमचा शब्द गेला तर पटात राहील काय?"

"आमाला कळलंय ना," एवढंच ते म्हणाले आणि टोपी घालून उठले. मी कपाळाला हात लावला आणि मागोमाग निघालो.

चावडीवर सगळ्यांसमोर मास्तर उभे राहिले. म्हणाले, "रखमाजी जितला असं मी म्हनत न्हाई. कोन जितलं ते मला ठाऊकच न्हाई. माझी घडी खोटं बोलली. दोन्ही जोड्या एकाच उन्हात परत पळवा." पाटील भडकले. "आता चार गावांत माझी शोभा व्हय? असली घडी घेऊन आलाच कशाला?" कोणी हसलं, कोणी वाईट बोललं. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे कोणी ब्र काढला नव्हता, ते मास्तर खाली बघत ऐकून घेत होते. मला ते बघवेना. शेवटी पाटीलच म्हणाले, "झूल तशीच ठिवलीय घरात, अजून घडी मोडली न्हाई. होऊन जाऊ द्या."

मास्तरांनी घरी नेऊन घडी पुसून कोरडी केली, लंबकाच्या घड्याळाशी मिळवली, आणि चार दिवसांनी भर दुपारी दोन्ही जोड्या पळाल्या. पाटलांचीच जोडी पहिली आली!

म्हणजे एवढा उपद्व्याप फुकट, असंच मला वाटलं. मास्तरांनी घडी रुमालात बांधली आणि जाहीर केलं, "पुढल्या साली दुसरा मानूस बघा."

पुढच्या सुगीला पटाच्या आदल्या सकाळी मास्तरांच्या दारात बैलगाडी उभी. वर रखमाजी. चुडाव्याहून रातोरात हाकत आला होता. मास्तर म्हणाले, "मी यायचा न्हाई. माझ्यापायी तुजं दोनदा हसं झालं."

रखमाजी म्हणाला, "मास्तर, तुमी बोलला नसता तर जलमभर वाटलं असतं, पाटील हाय म्हनून जितला. आता ठाव हाय, मी खरंच हरलो. लय बरं वाटलं बगा. चला, बैल खोळंबलेत." मास्तर आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा टोपी डोक्यावर होती, रुमाल हातात होता आणि डोळे लाल होते. मीही मग कुरकुरत गाडीत चढलो.

यंदा मास्तर पुन्हा नाही म्हणत आहेत. अंगठा थरथरतो, दाबायला उशीर होतो, म्हणतात. मास्तर, मीही थकलो आहे. आता गाडीच्या धक्क्यांनी माझी हाडं खिळखिळी होतात. पण अंगठ्याला उशीर व्हायला लागला तर तुम्ही स्वतः चावडीवर उभं राहून सांगाल, हे त्या गावाला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांना तुमचाच अंगठा हवा आहे. रखमाजीचा निरोप आला आहे, गाडी जुंपून ठेवतो म्हणून.

समारंभात मंडळ आपल्याला धोतरजोडी देणार आहे. खादीचीच आहे, मी बघून घेतली. देवानं आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य द्यावं, आणि पटाच्या दिवशी आपण त्या धोतराची घडी मोडावी. हातातली तेवढी मोडू नये.